कर भरतो कोण? — एकत्रित विक्रीकर आणि आपली कुटुंबे

(खोताची वाडी, गिरगाव, मुंबई येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय रुक्ष आहे. कराची गोष्ट निघाली की सामान्य माणूस म्हणतो, तो व्यापाऱ्यांचा आणि हिशेबनिसांचा प्रश्न. आमचा त्याच्याशी काय संबंध? ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. आज सकाळी आपण ज्या साबणाने हात धुतलेत, त्याच्या किमतीत कर होता. ज्या मोबाईलवरून आपण एकमेकांना या सभेचा निरोप पाठविलात, त्याच्या रिचार्जवर शेकडा १८ कर आपण आधीच भरलेला आहे. आपल्या घरात आयकर भरणारा एकही माणूस नसेल; परंतु कर न भरणारे घर मात्र या शहरात एकही नाही.

हे मी आपणांस मुद्दाम सांगतो, कारण आपली मुले शिष्यवृत्तीवर शिकू लागली की त्यांना एक वाक्य हटकून ऐकावे लागते. "आमच्या कराच्या पैशावर तुम्ही शिकता." महाविद्यालयात, कचेरीत, कधी कधी शेजारच्या घरातूनही हे वाक्य येते. मूल खाली मान घालून घरी येते आणि आईबापही निरुत्तर होतात. या वाक्याला रागाने उत्तर देऊन उपयोग नाही. त्याला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे, आणि तो हिशेब आपल्या घरातील प्रत्येकाला, विशेषतः बाजारहाट करणाऱ्या भगिनींना, आला पाहिजे.

आपण ज्या वाडीत आज जमलो आहोत, तिचे नावच या विषयाला उपयोगी पडणारे आहे. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते. त्यांनी येथील जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या आणि ही लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची कौलारू घरे उभी राहिली. येथे मला त्या कुटुंबाविषयी काही म्हणावयाचे नाही. मला 'खोत' या शब्दाविषयी बोलावयाचे आहे. कोकणात खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला सारावसुलीचा मधला माणूस. जमीन कसणारा कूळ खोताला देई, आणि खोत सरकारात भरणा करी. सरकारच्या दप्तरी नाव खोताचे. ज्याच्या घामातून तो पैसा निघे, त्या कुळाचे नाव करदाता म्हणून कोठेही नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. पुढल्याच जानेवारीत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा या शहरात निघाला, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यातील खोती संपुष्टात आली. आपणांपैकी ज्यांचे वाडवडील रत्नागिरीकडून आले, त्यांच्या घरात खोताच्या वसुलीच्या आठवणी अजून सांगितल्या जात असतील.

आता विक्रीकराकडे पाहा. दुकानदार सरकारात कर भरतो, त्याला नोंदणी क्रमांक असतो, त्याचे नाव सरकारी दप्तरात असते. परंतु तो भरतो ते पैसे कोणाचे? गिऱ्हाईकाचे. दुकानदाराला मी खोत म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पुष्कळ दुकानदार आपल्याइतकेच कष्टकरी असतात. परंतु दप्तरातले नाव एकाचे आणि खिसा दुसऱ्याचा, ही रचना मात्र तीच आहे. म्हणूनच गरिबाचा कर कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही.

हा कर आला कोठून? मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर १९४६ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला, तो १ जानेवारी १९६० पासून अमलात आला. आणि १ एप्रिल २००५ पासून त्याची जागा महाराष्ट्रात मूल्यवर्धित कराने घेतली. विक्रीकर राज्याचा. कारखान्यातून माल निघताना लागणारे उत्पादनशुल्क केंद्राचे. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की महानगरपालिकेची जकात. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, त्या आपणांपैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. यांशिवाय सेवाकर, करमणूक कर, परराज्यातून येणाऱ्या मालावरील केंद्रीय विक्रीकर.

यातील खरा दोष करांच्या संख्येपेक्षा करावर कर बसण्यात होता. ढोबळ उदाहरण घ्या. कारखान्यात १०० रुपयांची वस्तू. तिच्यावर शेकडा साडेबारा उत्पादनशुल्क; झाले ११२ रुपये ५० पैसे. आता राज्याचा शेकडा साडेबारा कर १०० वर बसत नसे, तो ११२ रुपये ५० पैशांवर बसे. म्हणजे १४ रुपये ६ पैसे. मालाची किंमत १२६ रुपये ५६ पैसे झाली, आणि त्यातील दीड रुपयाहून अधिक रक्कम हा निव्वळ करावरचा कर होता. गिऱ्हाईकाला यातले काही कळत नसे. त्याच्या हाती पडणाऱ्या पावतीवर फक्त शेवटचा कर दिसे.

१ जुलै २०१७ रोजी हे बहुतेक कर मोडून एकच वस्तू व सेवा कर आला. लोक त्याला जी.एस.टी. म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यासाठी राज्यघटनेत १०१ वी दुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्रात विकलेल्या मालावरील कराचा अर्धा भाग केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. म्हणून बिलावर दोन ओळी दिसतात. पेट्रोल, डिझेल आणि मद्य मात्र अजून या कराबाहेर आहेत.

नव्या कराचे यंत्र कसे चालते ते साबणाच्या एका वडीवरून समजून घ्या. आज साबणावर शेकडा ५ कर आहे; २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी तो शेकडा १८ होता. समजा, कारखानदाराने वडी घाऊक व्यापाऱ्याला ४० रुपयांस विकली. त्याने २ रुपये कर घेतला व सरकारात भरला. घाऊक व्यापाऱ्याने ती ५० रुपयांस विकली; कर झाला अडीच रुपये. परंतु २ रुपये त्याने आधीच दिलेले असल्याने ते वजा जाऊन त्याला फक्त ५० पैसे भरावे लागतात. वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराने ती ६० रुपयांस विकली. कर ३ रुपये, आधीचे अडीच वजा, भरणा ५० पैशांचा. एकूण सरकारात गेले ३ रुपये. आता विचारा, या तिघांपैकी कोणाच्या पदरचा एक पैसा तरी गेला काय? कोणाच्याही नाही. प्रत्येकाने दिलेला कर पुढच्याकडून वसूल केला. ज्याला पुढे कोणाकडून वसूल करता येत नाही अशी एकच व्यक्ती त्या साखळीत आहे, आणि ती म्हणजे ६३ रुपये देऊन वडी घरी नेणारी आपली भगिनी. ते तीनही रुपये तिचे. करावरचा कर गेला, ही सुधारणा मी मनःपूर्वक मान्य करतो. परंतु या करातून सुटका व्यापाऱ्याची झाली आहे. शेवटच्या गिऱ्हाईकाची नाही.

हा भार सर्वांवर सारखा पडतो असे सांगण्यात येते. तो सारखा पडत नाही. एक पंखा २,००० रुपयांचा, त्यावर शेकडा १८ प्रमाणे ३६० रुपये कर. महिना १८,००० रुपये मिळविणाऱ्या सफाई कामगाराने तो घेतला तर त्याच्या महिन्याच्या कमाईतील शंभरातले २ रुपये त्या कराला गेले. महिना १,८०,००० मिळविणाऱ्या अधिकाऱ्याने तोच पंखा घेतला तर शंभरातले २० पैसे. शिवाय अधिकाऱ्याच्या उत्पन्नातील मोठा भाग शिल्लक राहतो, आणि शिलकीत ठेवलेल्या पैशावर विक्रीकर नसतो. कामगाराचा पगार महिनाअखेरपर्यंत बाजारात जातो. अधिकाऱ्याला आयकर द्यावा लागतो, आणि तो द्यावाच. ऐपतीप्रमाणे कर हेच न्यायाचे आहे. पण "आमच्या कराच्या पैशावर" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्याने कामगाराच्या पंख्याचे ३६० रुपये आठवावेत.

हा विचार बाबासाहेबांना नवा नव्हता. ते अर्थशास्त्राचे पंडित होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबई कायदेकौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच विरोध दाखवून दिला होता. आयकर ज्याला मिळकत नाही त्याला माफ असतो. शेतसारा मात्र लहानात लहान शेतकऱ्यालाही, पीक बुडाले तरी, द्यावाच लागतो. ही विषमता त्यांना अमान्य होती. पुढे १९४९ च्या ऑक्टोबरात घटना समितीत विक्रीकराविषयीचे कलम त्यांनीच मांडले, आणि प्रांतांच्या विक्रीकराने देशातील व्यापाराच्या स्वातंत्र्याला अडथळा येऊ नये म्हणून त्यावर मर्यादा घातल्या. ते कलम २८६ होय. त्याच्या मूळ स्वरूपात एक महत्त्वाची तरतूद होती. समाजाच्या जीवनास आवश्यक म्हणून संसदेने जाहीर केलेल्या वस्तूंवर राज्याला कर बसवावयाचा असेल, तर राष्ट्रपतींची संमती घेतल्यावाचून तो कायदा अमलात येत नसे. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने ती तरतूद गेली. गरिबाच्या भाकरीला घटनेत जे कुंपण होते ते अशा रीतीने काढले गेले, आणि त्याची फारशी चर्चाही आज कोणी करीत नाही.

म्हणून आज भाकरीवर कर असावा की नसावा हे जी.एस.टी. परिषद ठरविते. केंद्राचे व सर्व राज्यांचे अर्थमंत्री तिच्यात बसतात. मतांपैकी एक तृतीयांश वजन केंद्राचे, दोन तृतीयांश सर्व राज्यांचे मिळून, आणि निर्णयास तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो. केंद्राच्या मनाविरुद्ध काहीही होऊ शकत नाही, हे साधे गणित आहे. या परिषदेच्या शिफारशी संसदेवर व विधानसभांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. परंतु व्यवहारात दर तेथेच ठरतात. पूर्वी आपल्या आमदाराला विधानसभेत विक्रीकराच्या दराबद्दल जाब विचारता येई. आता तो हात दाखवितो दिल्लीकडे.

या परिषदेने काय केले? सुटे धान्य, डाळी, पीठ, भाजी यांवर आरंभापासून कर नाही, ही गोष्ट चांगली. परंतु १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य-पिठावर शेकडा ५ कर बसला, आणि तो आजही आहे. गोणीतून तोलून दिलेला तांदूळ करमुक्त, आणि तोच पाच किलोच्या पिशवीत बंद केलेला करपात्र. वाण्याकडे सुटे मिळत असेल तर सुटे घ्या. तरी करमुक्त म्हणजे किमतीत अजिबात कर नाही असे समजू नका. तो तांदूळ ज्या मालमोटारीतून आला तिच्या डिझेलवरील कर तांदळाच्या भावात मुरलेला असतोच.

चपलेची गोष्ट आपल्या समाजाला अधिक जवळची. तीनशे रुपयांच्या चपलेवर शेकडा ५ कर होता. १ जानेवारी २०२२ पासून तो १२ झाला, म्हणजे स्वस्त चपलेवर आणि महाग बुटावर कराचे अंतर कमी झाले. जवळजवळ पावणेचार वर्षे कष्टकऱ्याने हा जादा कर अनवाणी न राहण्याबद्दल भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पुन्हा ५ आहे. स्त्रियांच्या सॅनिटरी पॅडवर आरंभी शेकडा १२ कर होता. देशभर स्त्रियांनी आवाज उठविला तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो माफ झाला. दर आकाशातून पडत नाहीत, ते मागितल्याने बदलतात, याचा हा पुरावा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ हे दर बहुतेक संपले. मुख्य दर दोनच उरले, ५ आणि १८, व चैनीच्या काही वस्तूंना ४०. केसांचे तेल, टूथपेस्ट, बिस्किटे, फरसाण ५ वर आली. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर आता कर नाही. वैयक्तिक आरोग्यविम्यावर नाही. आईबापांनी आणखी एक विसंगती ध्यानात ठेवावी. शाळेच्या शिक्षणावर कर नाही, पण नोंदणीकृत खाजगी क्लासच्या फीवर शेकडा १८ आहे. ज्याच्या घरात कोणी शिकलेले नाही, त्याच्या मुलाला क्लासची गरज सर्वांत अधिक. शिकण्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या घरावर चैनीच्या वस्तूंच्या खालोखालचा कर लावणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

अन्य देशांत काय करतात? कॅनडात केंद्राचा जी.एस.टी. १९९१ साली आला, आणि १९९७ पासून काही प्रांतांनी आपला विक्रीकर त्यात मिळवून एकत्रित कर केला. आपल्याकडील रचना बरीचशी तशीच आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० साली हा एकत्रित कर लावला. लोक खवळले, २०११ साली सार्वमत घेण्यात आले, जनतेने तो नाकारला आणि १ एप्रिल २०१३ पासून जुना कर परत आला. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. कॅनडात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना जी.एस.टी.पोटी ठरावीक रक्कम दर तिमाहीस सरकार परत देते. म्हणजे हा कर गरिबावर अधिक पडतो हे तेथील सरकारने मान्य करून त्याची भरपाई ठेवली. आपल्याकडे अशी परतफेड नाही. ती मागणे ही भीक नव्हे. आपण भरलेल्या पैशाचाच तो भाग आहे.

जकात गेली तेव्हा मुंबई महानगरपालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न गेले. वर्षाला सात हजार कोटी रुपयांच्या घरातील. २०१७ च्या कायद्याने राज्य सरकार तिला भरपाई देते, २०१६-१७ हे वर्ष पाया धरून दरसाल शेकडा ८ वाढ करून. महानगरपालिकेच्या शाळा, दवाखाने आणि सफाई कामगारांचे पगार या पैशावर अवलंबून आहेत, आणि आपल्या समाजातील किती घरे त्या पगारावर चालतात हे मी सांगावयास नको. पूर्वी हा पैसा नाक्यावर मिळे. आता तो मंत्रालयातून यावा लागतो.

आता आपणांपैकी जे लहान धंदा करतात त्यांच्याविषयी. पोळीभाजीचे डबे, शिवणकाम, किराणा, चपलांची दुरुस्ती, मंडपाचे सामान. मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवेची २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. ही मर्यादा नफ्याची नसून एकूण विक्रीची आहे, यात पुष्कळांची गफलत होते. परराज्यात माल विकला तर मात्र ही सवलत नेहमी लागू होत नाही. नोंदणी करूनही हिशेबाची यातायात नको असेल तर दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला कंपोझिशन योजना आहे. सरकारी मराठीत तिला आपसमेळ योजना म्हणतात. व्यापाऱ्याने व कारखानदाराने विक्रीच्या शेकडा १, खानावळीने शेकडा ५ आपल्या पदरचे भरावयाचे, आणि गिऱ्हाईकाकडून कर म्हणून वेगळा पैसा घ्यावयाचा नाही.

नोंदणी नसण्यातही तोटा आहे, तो कोणी सांगत नाही. मोठी कंपनी माल घेते तेव्हा तिला दिलेल्या कराची वजावट हवी असते. नोंदणी नसलेला किंवा आपसमेळ योजनेतील विक्रेता ती देऊ शकत नाही. म्हणून चांगली चपल शिवणारा कारागीर मोठ्या गिऱ्हाईकाला मुकतो आणि मध्यस्थाच्या हाती सापडतो. आणि नोंदणी केली तर दुसरा धोका. ज्याच्याकडून आपण माल घेतला त्याने आपला कर सरकारात भरला नाही, तर आपण दिलेल्या कराची वजावट आपणांस नाकारली जाते. दोष दुसऱ्याचा, दंड आपणांस. तेव्हा माल घेताना विक्रेत्याचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या, आणि त्याने दाखविलेले बिल आपल्या खात्यात उमटले की नाही हे दर महिन्यास पाहा. ज्यांच्या भगिनी मोबाईलवरून माल विकतात त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. ऑनलाईन बाजारपेठेतून विकणाऱ्यास पूर्वी एक रुपयाच्या विक्रीलाही नोंदणी लागे; १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतच माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला ती सक्ती राहिलेली नाही.

शेवटी बिल. राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते की कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही. ज्याची नोंदणी नाही, त्याने आपणांकडून जी.एस.टी. मागणे म्हणजे कायद्याखेरीज केलेली वसुली होय. बिलावर १५ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असतो; महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर त्याचा आरंभ २७ ने होतो. क्रमांक नाही आणि कराची ओळ आहे, असे बिल दिसले तर ती ओळ देऊ नका. खानावळीच्या बिलावर आपसमेळ योजनेचा उल्लेख असेल आणि खाली शेकडा ५ कर जोडला असेल, तर तोही देऊ नका. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात. तिच्यावर पुन्हा कर मागणारा आपणांस फसवितो. २०० रुपयांच्या आतील खरेदीला दुकानदाराने बिल न देणे चालते, पण आपण मागितले तर त्याने दिले पाहिजे.

दर उतरले तरी भाव उतरला नाही, अशी तक्रार घेणारी स्वतंत्र व्यवस्था कायद्यात होती. १ एप्रिल २०२५ पासून तिच्याकडे नव्या तक्रारी घेणे बंद झाले, आणि मोठी दरकपात त्यानंतर सहा महिन्यांच्या आत आली. हा क्रम मला विचित्र वाटतो. सध्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते. बिल हाती ठेवून बोला, कारण बिलावाचून तक्रार उभी राहत नाही.